मेंटॉरकडे जायचं कशासाठी? गोव्यातल्या कॉलेज विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये ॲडमिशन आटोपली की पंधरवड्याच्या आत नोटीस बोर्डावर एक यादी लागते. कोणता रोल नंबर कोणत्या मेंटॉरकडे, ते त्यात असतं. मुलं तिचा फोटो काढतात आणि पुढे तो फोटो गॅलरीत पावसाच्या आणि चवथीच्या फोटोंखाली गाडला जातो. खालचे प्रश्न स्टाफरूमच्या दारात, पालकसभेत आणि बसस्टॉपवर विचारले जाणारे आहेत. उत्तरं देणारा स्वतः मेंटॉरचं काम करतो. मूळ चौकट सगळीकडे सारखी असली तरी बारीकसारीक नियम कॉलेजागणिक बदलतात, तेवढं आपापल्या ऑफिसात तपासून घ्यावं.

मेंटॉर म्हणजे क्लास टीचरच ना?

नाही. वर्ग सांभाळणारे शिक्षक अख्ख्या वर्गाचे असतात. मेंटॉरकडे ठरावीक विद्यार्थी दिलेले असतात आणि त्याने त्यांच्या अभ्यासाच्या वाटचालीकडे लक्ष ठेवायचं असतं: विषय कोणते घेतले, क्रेडिट किती झाले, हजेरी कुठे घसरते आहे, पुढे काय करायचं मनात आहे. काउन्सेलर हा तिसरा माणूस, त्याचं शिक्षणच वेगळं. आणि बोनाफाइड, फी, मार्कशीटमधली नावाची चूक या गोष्टी ऑफिसच्या. त्या घेऊन मेंटॉरकडे आलात तर तोही तुम्हाला त्याच खिडकीवर पाठवणार.

यादी मात्र सगळीकडे असते, कारण कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे दाखवावं लागतं. यादीत नाव आलं म्हणजे सल्ला मिळालाच असं नव्हे. त्यासाठी दोघांपैकी कोणीतरी उठून दुसऱ्याकडे जावं लागतं.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही नाही का शिकलो, असं बाबा म्हणतात. मग आताच का?

बाबांचं चूक नाही. त्यांनी बी.कॉम. घेतलं तेव्हा विषय कॉलेजने ठरवलेले असत. निवडायचं काय, तर फार तर शेवटच्या वर्षाचा एक गट. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि त्या काळात तर विद्यार्थ्यापुढे एकच आखलेली वाट असे. वाटच एक असेल तर रस्ता विचारणार कोणाला?

निवड आली की सल्लागार लागतो, हे इतरत्र फार आधी घडून गेलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्डमध्ये चार्ल्स इलियट यांनी विद्यार्थ्यांना आपले विषय आपण निवडायची मुभा दिली. मुभेबरोबर गोंधळही आला आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना विद्यार्थ्यांसाठी सल्लागार नेमावे लागले. आज तिकडे तो पूर्ण वेळेचा पेशा आहे. सल्लागारांची राष्ट्रीय संघटना १९७९ पासून आहे. बर्न्स क्रुकस्टन यांनी १९७२ मध्येच एक फरक मांडून ठेवला होता. एक सल्लागार डॉक्टरने गोळी लिहून द्यावी तसं ‘हा विषय घे’ सांगून मोकळा होतो. दुसरा विद्यार्थ्यासोबत बसून त्याचा विचार त्यालाच करायला लावतो.

आपल्याकडे ही वेळ २०२३-२४ मध्ये आली. त्या वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसमोर एकदम विषयांची भलीमोठी यादी आली. फरक एवढाच, की पूर्ण वेळ सल्लागार काही आले नाहीत. जे शिक्षक शिकवतात तेच मेंटॉर. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला सोळा तास थेट अध्यापन असतं. पेपर तपासणी, समित्या, एनएसएस वगैरे त्याखेरीज. उरलेल्या वेळात मेंटॉरिंग. हे रडगाणं नव्हे, पण सर नेहमी घाईत का असतात याचं कारण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

मेजर, मायनर, एमडीसी, एईसी... हे सगळं एकदा सरळ सांगाल का?

सांगतो. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे साधारण पंधरा तास. प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०.

यूजीसीच्या २०२२ च्या चौकटीप्रमाणे या १२० पैकी निदान ६० मेजरचे, म्हणजे तुमच्या मुख्य विषयाचे. २४ मायनरचे, म्हणजे जोडविषयाचे. एमडीसी म्हणजे तुमच्या शाखेबाहेरचे विषय, त्यांचे ९. एईसी म्हणजे भाषा, ८. एसईसी म्हणजे हाताला कौशल्य देणारे कोर्स, ९. मूल्यवर्धित कोर्सचे ६ ते ८ आणि इंटर्नशिपचे २ ते ४.

आता यात गोम कुठे आहे ते बघा. मेजर तर तुम्ही ॲडमिशनच्या वेळी विचार करूनच घेता. एमडीसीचा विषय चुकला तर एक सेमिस्टर कंटाळा येतो आणि संपतं. मायनर मात्र तीन वर्षं सोबत चालतं, एकूण क्रेडिटचा पाचवा हिस्सा खातं, आणि नेमकं तेच मुलं सगळ्यात कमी विचार करून घेतात. ‘मैत्रीण तिथे आहे’ हे मायनर निवडीचं सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण आहे. दुसरं म्हणजे ‘त्या मॅडम मार्क चांगले देतात’. मेंटॉरकडे एकदाच जायचं ठरवलं असेल तर ते मायनर पक्कं करायच्या आधी जा.

खरं सांगा, मुलं मेंटॉरकडे जातात तरी का?

जातात. कधी जातात ते मजेदार आहे.

हजेरीची यादी लागली की दारात रांग. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेले सगळे एकदम हजर, हातात डॉक्टरचं सर्टिफिकेट, तेही बहुधा एकाच दवाखान्याचं. दुसरी लाट सेमिस्टर संपताना, मेंटॉरिंगच्या फॉर्मवर सही घ्यायला. तिसरी सहाव्या सेमिस्टरला, शिफारसपत्र मागायला. या तिन्ही वेळी मेंटॉरने खरं तर काही करण्यासारखं उरलेलं नसतं. हजेरी गेलेली असते, सेमिस्टर गेलेलं असतं आणि ज्याला तीन वर्षांत दोनदा पाहिलं त्याच्याबद्दल लिहायचं काय हा प्रश्न असतो.

त्या फॉर्मबद्दल थोडं. दोन पानं, पहिल्यावर पासपोर्ट फोटो, रक्तगट, पालकांचा मोबाइल, छंद. दुसऱ्या पानावर ‘विद्यार्थ्याच्या अडचणी’ असा रकाना. गठ्ठा घेऊन बसलं की त्या रकान्यात ओळीने ‘नाही’, ‘नाही’, ‘काही नाही’. एकाच बाकावर बसून भरलेले फॉर्म लगेच ओळखू येतात, कारण पाचही जणांचा छंद ‘वाचन’ असतो आणि पाचही ठिकाणी ‘वाचन’मधला च आधी खोडून परत लिहिलेला असतो. त्या ‘काही नाही’ लिहिणाऱ्यांतलाच एक जण महिन्याभराने कॉलेज सोडतो तेव्हा कळतं की घरी मासेमारीचा ट्रॉलर बंद पडला होता आणि फी भरायला पैसे नव्हते.

म्हणजे मुलांना सल्ला नको असतो असं नाही. तो फॉर्मवर मागायचा नसतो. जी मुलं येऊन बसतात ती नंतर काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. माहिती काय, वेबसाइटवरही मिळाली असती. पण कोणीतरी आपली सगळी सेमिस्टरं एकत्र समोर ठेवून पाहिली, हे त्यांना मोलाचं वाटतं. प्रत्येक शिक्षक आपापला पेपर बघतो. अख्खा विद्यार्थी एका जागी दिसेल अशी कॉलेजात ही एकच खुर्ची आहे.

सीनिअर आहेत, क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तेवढं पुरत नाही का?

बऱ्याच गोष्टींना पुरतं, आणि मेंटॉरपेक्षा चांगलं पुरतं. कोणत्या पेपरला कोणतं पुस्तक वाचावं, झेरॉक्स कुठे स्वस्त, आयएसएला, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेला, कोण कसे प्रश्न काढतं, फार्मागुडीहून सुटलेली बस फोंड्याला किती वाजता पोचते हे सीनिअरलाच विचारावं.

नियमांच्या बाबतीत मात्र जपून. २०२२ ला आलेली बॅच जुन्या तीन वर्षांच्या रचनेत शिकली. तिच्यातला तुमचा चुलतभाऊ ‘प्रोजेक्ट तर सगळ्यांनाच असतो’ म्हणेल ते त्याच्या रचनेबद्दल. नव्या रचनेतही सुरुवातीच्या वर्षांत अभ्यासमंडळं कोर्सची नावं आणि क्रम बदलत राहिली. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ कोणत्या वर्षाची आहे हे पहिल्या पानावर असतं, आणि तेच पान बहुतेकदा कापलेलं असतं.

स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचंच घ्या. सीनिअर सांगतो, कर की, क्रेडिट मिळतात. नियम तसा आहेच. विद्यापीठ परवानगी देत असेल तर सेमिस्टरमधले चाळीस टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. पण कोणता कोर्स तुमच्या कोणत्या पेपरच्या जागी चालेल ते कॉलेजने आधी मान्य करावं लागतं. आधी कोर्स करून, परीक्षेची फी भरून, मग सर्टिफिकेट घेऊन आलात तर ते सीव्हीत लावायला छान. क्रेडिटचं सांगता येत नाही.

मग जायचं कधी?

पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात एकदा, नुसतं ओळख करून घ्यायला. पहिल्या आयएसएचे मार्क आले की एकदा, कारण सेमिस्टर वाचवायला तेव्हा अजून वेळ असतो. मायनर पक्कं करण्याआधी. दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी, मेजर बदलायचा विचार असेल तर. यूजीसीच्या चौकटीत पहिल्या वर्षानंतर त्याच व्यापक शाखेत मेजर बदलण्याची सोय ठेवली आहे, जागा आहेत का ते कॉलेज सांगेल. इंटर्नशिप शोधायच्या आधी. आणि पाचव्या सेमिस्टरला दिवाळीच्या आसपास, तिसऱ्या वर्षानंतर काय करायचं ते बोलायला.

तारीख जवळ आल्यावर जाऊ नका. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मेंटॉरही तुमच्यासारखाच सर्व्हर डाउन असल्याचं बघत बसलेला असतो.

जाऊन बोलायचं काय? गेल्यावर काही सुचतच नाही.

‘सर, पुढे काय करू?’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. त्याऐवजी हातात काहीतरी घेऊन जा. आतापर्यंतच्या मार्कशीट, टाइमटेबल आणि ज्या दोन गोष्टींमध्ये अडकला आहात त्या कागदावर लिहून.

एक प्रसंग सांगतो. वाळपईच्या पुढच्या गावातली एक मुलगी मायनरच्या दोन पर्यायांत अडकली होती. दोन्हींचे सिलॅबस छापून आणले होते, खाली पेन्सिलने रेघा मारलेल्या. मी आधी सिलॅबसवरच बोलत होतो. ती मान हलवत होती, पण नजर टाइमटेबलवर. शेवटी म्हणाली, यातल्या एकाचं प्रॅक्टिकल आठवड्यातून दोन दिवस उशिरा सुटतं, आणि माझ्या गावाची शेवटची बस त्याआधीच जाते. मग आम्ही सिलॅबस बाजूला ठेवले. तिच्या बॅचला सकाळचं प्रॅक्टिकल मिळू शकतं का, ते त्या विभागात जाऊन विचारलं. मिळालं. तिने हवा तोच विषय घेतला.

बसचं कारण सांगायला तिला लाज वाटत होती, कारण ते ‘अभ्यासाचं’ कारण नव्हतं. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या भागांतून येणाऱ्या मुलांचे अर्धे निर्णय बसच ठरवते. ती अडचण आधी सांगा. सुटण्याजोगी अडचण बरेचदा तीच असते.

इंग्रजीत बोलायला जमत नाही. मेंटॉरशी मराठीत किंवा कोंकणीत बोललं तर चालेल?

चालेल काय, तसंच बोला. गोव्यात हा प्रश्न जरा निराळा आहे. अनुदानित मराठी-कोंकणी प्राथमिक शाळेतून आलेली मुलं पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. कॉलेजात येईपर्यंत घरी कोंकणी, वर्तमानपत्र मराठी आणि पेपर इंग्रजी असा त्रिकोण तयार झालेला असतो. पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे हे खरं, पण सल्ला इंग्रजीत मागितला पाहिजे असा काही नियम नाही. इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या नादात मूळ अडचणच सांगायची राहते, असं रोज दिसतं. मेंटॉरला तुमची भाषा येत नसेल तर वर्गातल्या कोणाला तरी सोबत न्या.

लगे हाथ एक सुचवतो. एईसीत भाषा निवडताना ‘सोपी कोणती’ एवढंच बघू नका. गोवा सरकारच्या नोकरभरतीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं ज्ञान इष्ट अशी अट जाहिरातींत असते. सरकारी नोकरीचा विचार असेल तर देवनागरीत सफाईने लिहिता येणं फुकट जात नाही.

मेंटॉर दुसऱ्याच विषयाचे आहेत. त्यांना माझ्या विषयातलं काय कळणार?

विषयातलं कमी कळेल. रचनेतलं, नियमांतलं आणि माणसांतलं कळेल. भूगोलाच्या सरांना तुमच्या मायक्रोबायोलॉजीतला प्रोजेक्ट निवडून देता येणार नाही, पण त्यासाठी कोणाकडे जायचं ते त्यांना माहीत असतं. कधी कधी परका विषय बराच पडतो, कारण विभागातल्या शिक्षकांसमोर ‘मला हा विषय आवडत नाही’ असं म्हणता येत नाही.

चौथं वर्ष करू की तीनवर थांबू?

सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच. आणि घरोघरी त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: मुलगी असेल तर ‘तीन पुरे’, मुलगा असेल तर ‘नोकरी बघ’. दोन्ही बाजूला ठेवून बघू.

तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवी आहे. पदवीधर लागणाऱ्या सरकारी जागा, बँकेच्या परीक्षा, बी.एड., सगळ्यांना ती चालते. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करायचं असेल तर तीन वर्षांनंतर ते दोन वर्षांचं आणि चार वर्षांनंतर एक वर्षाचं. एकूण बेरीज पाचच. म्हणजे ‘चौथं वर्ष केलं तर एक वर्ष वाया’ हे गणित पुढे शिकणाऱ्यासाठी खरं नाही. मात्र ज्या विद्यापीठात जायचं आहे तिथे तुमच्या विषयाचं एक वर्षाचं पीजी आहे का, हे आधी बघून ठेवा. गोवा विद्यापीठाच्या पीजीला जीयू-आर्ट ही प्रवेश परीक्षा असते. बाहेरच्या बऱ्याच विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा लागते. दोन्हींच्या तारखा सहाव्या सेमिस्टरच्या अभ्यासात मध्येच येतात.

चौथ्या वर्षातही दोन प्रकार आहेत. साधं ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. यूजीसीने २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीवर ७५ टक्के असतील तर नेट ही पात्रता परीक्षा देऊन थेट पीएच.डी.कडे जायचीही वाट उघडली आहे. प्राध्यापक व्हायचं, संशोधन करायचं, परदेशी जायचं असं ज्याच्या मनात आहे त्याने चौथं वर्ष करावं, असं माझं मत. ‘मित्र थांबतायत म्हणून मीही’ यासाठी करू नये. आणि ७५ची अट सहाव्या सेमिस्टरला आठवून उपयोग नाही. पहिल्या सेमिस्टरला नापास झालेला तो एक पेपरही त्या सरासरीत येऊन बसतो.

एक वर्ष करून सोडलं तर?

किमान ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी ८० अधिक तसाच कोर्स केला तर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये, म्हणजे एबीसीत, राहतात, म्हणून एबीसी आयडी काढून ठेवा आणि त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का ते बघा. आई-वडिलांच्या कागदावर ‘गांवकर’ आणि तुमच्या कागदावर ‘गावकर’ असेल तर आताच दुरुस्त करा.

सोडायच्या आधी मात्र मेंटॉरला सांगा. न सांगता कॉलेजला यायचं बंद करणं आणि रीतसर बाहेर पडणं यात परत येण्याच्या वेळी जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

मी हॉटेलात पार्ट-टाइम करतो. सीझनमध्ये हजेरी जमत नाही. मेंटॉर काही करू शकतात?

हजेरी देऊ शकत नाहीत. तो अधिकार त्यांच्याकडे नाही, आणि असता तरी वापरू नये.

पण ऑक्टोबर ते मार्च कळंगुट-बागाच्या पट्ट्यात रात्री दोनपर्यंत काम करून सकाळी साडेआठच्या लेक्चरला झोपणारा मुलगा आळशी नाही, हे इतर शिक्षकांना सांगणारा कोणीतरी लागतो. मेंटॉर तेवढं नक्की करू शकतो. कोणत्या पेपरला हजेरी धोक्यात आहे ते आधी काढून देणं, आयएसए चुकली तर पुन्हा घेण्यासाठी अर्ज वेळेत करायला लावणं, इंटर्नशिपचे क्रेडिट याच कामातून मिळू शकतात का ते विचारणं, हेही होतं. पर्यटन किंवा हॉटेल व्यवस्थापनाशी निगडित विषय असेल तर हे शेवटचं जमूनही जातं. पैशाची गरज हे कारण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आणि उच्च शिक्षण संचालनालयाच्या मदतीच्या योजना कोणत्या कोर्सला लागू आहेत ते विचारा. मेंटॉरला सगळे निकष पाठ नसतील, पण अर्जावर कॉलेजची सही-शिक्का कुठे लागतो हे माहीत असतं.

आई-बाबांना सोबत आणू का?

पैशांचा किंवा कॉलेज सोडायचा प्रश्न असेल तर आणा. विषय निवडीसाठी पहिल्या भेटीला एकटे या. आई शेजारी बसली की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देते.

मन लागत नाही, झोप येत नाही. हे मेंटॉरला सांगायचं का?

सांगू शकता. मेंटॉर ऐकून घेईल आणि आपल्यापुरतं ठेवेल अशी अपेक्षा रास्त आहे. मात्र तो मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि चांगला मेंटॉर तसा आव आणत नाही. कॉलेजला काउन्सेलर असेल तर त्यांच्याकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. बांबोळीला मनोविकार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे वेडा ठरलो, ही जुनी भीती आता टाकून द्यावी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर भेटीची वेळ ठरवत बसू नका, त्याच क्षणी कोणालाही सांगा. मेंटॉरचा नंबर त्यासाठीही आहे.

मेंटॉर वेळच देत नाहीत. किंवा चुकीचं सांगितलं. मग?

आधी एक मेसेज लिहून बघा: नाव, रोल नंबर, प्रश्न एका ओळीत, आणि ‘कधी येऊ?’. नुसतं ‘हाय सर’ पाठवून निळ्या टिकची वाट बघणाऱ्यांना उत्तर उशिरा मिळतं. तरीही वेळ मिळत नसेल तर विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना मेंटॉर बदलून मागता येतो. असा अर्ज म्हणजे भांडण नव्हे.

चुकीच्या माहितीचा प्रश्न अवघड आहे. तोंडी सल्ला सिद्ध करता येत नाही. म्हणून क्रेडिट, मायनर, मेजर बदल, परीक्षेची पात्रता यांबद्दल जे सांगितलं गेलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा: ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे मी अमुक कोर्स घेत आहे, बरोबर ना?’ त्यांचं ‘हो’ आलं की ते मेल जपून ठेवा. नुकसान झालंच तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. छळ किंवा रॅगिंग असेल तर मेंटॉरच्या पायरीवर थांबूच नका. लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती आहे, रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२.

शिफारसपत्र कसं मागायचं?

निदान तीन आठवडे आधी, आणि सोबत चार गोष्टी देऊन: कुठे अर्ज करताय ती लिंक, शेवटची तारीख, तुमचा सीव्ही, आणि तुम्ही काय केलं ते आठवण करून देणारे चार-पाच मुद्दे. ‘मी मेहनती आहे’ असं लिहू नका. ‘दुसऱ्या वर्षी खांडेपारच्या पुराच्या नोंदींवर प्रोजेक्ट केला, आकडे स्वतः ग्रामपंचायतीतून आणले’ असं लिहा. पत्र तुम्हीच टाइप करून आणा म्हणणारे मेंटॉर भेटतील. त्यांना नम्रपणे मुद्दे द्या, मजकूर त्यांना लिहू द्या. निवड समितीसमोर एकाच कॉलेजची चार पत्रं शब्दशः सारखी गेली, तर चारही बाजूला पडतात.